खेळाचा संगणक आणि खारी हवा

बारावीचा निकाल लागला की अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन ह्या पट्ट्यातील अनेक घरांत अलीकडे एक मागणी पुढे येते. पूर्वी ती मोटारसायकलची असे. आता ती संगणकाची असते, आणि तोही साध्या लिहिण्या-वाचण्याचा नव्हे, तर ज्यावर आधुनिक खेळ विनाअडथळा खेळता येतील असा. मागणीबरोबर मुलाने स्वहस्ते केलेली सुट्या भागांची यादीही असते. तीतील शब्द वडिलांना परके असतात. तळाशी मांडलेली बेरीज मात्र त्यांना नेमकी कळते. चाळीस-पन्नास हजार रुपये ही मच्छीमाराच्या, नारळ-सुपारीच्या वाडीवर जगणाऱ्याच्या किंवा एसटीच्या वाहकाच्या घरात चैनीची रक्कम नव्हे. ती वर्षानुवर्षे बाजूला काढलेली पुंजी होय. अशी रक्कम एकदाच खर्च व्हावयाची असते, आणि ती चुकीच्या जागी गेली तर पुन्हा उभी राहण्यास तितकीच वर्षे लागतात. म्हणून ही खरेदी पोरखेळ समजून हसण्यावारी नेणे योग्य नाही.

खेळासाठी एवढा पैसा कशाला, हा आक्षेप घरोघर घेतला जातो आणि तो अगदीच निराधार आहे असेही नाही. परंतु त्यात पुष्कळदा दोन गोष्टींची गल्लत होते. पैसे लावून भ्रमणध्वनीवर खेळले जाणारे जुगारवजा खेळ वेगळे आणि संगणकावरचे हे खेळ वेगळे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये जो कायदा केला त्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि त्याच वेळी ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. म्हणजे हा भेद आता कायद्यानेही मानला आहे. शिवाय खेळासाठी जुळविलेला संगणक चित्रफितींचे संपादन, स्थापत्याची रेखाटने, त्रिमिती चित्रे ही कामे कार्यालयीन संगणकापेक्षा कितीतरी सुलभतेने करतो. मुलगा हे कारण सोयीस्करपणे पुढे करीत असेल. पण म्हणून ते खोटे ठरत नाही.

तेव्हा प्रश्न संगणक घ्यावा की घेऊ नये हा नसून तो कसा जुळवावा हा आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एका पेटीत बसवून यंत्र चालू करता येते, ह्याचे श्रेय १९८१ साली आयबीएमने आणलेल्या वैयक्तिक संगणकाच्या खुल्या रचनेला द्यावे लागेल. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप रूढ केले आणि मदरबोर्ड, पेटी व वीजपुरवठ्याचा डबा ह्यांचे खिळे-भोके जगभर सारखी झाली. आपल्याकडे १९८४ च्या संगणक धोरणाने सुट्या भागांची आयात सुलभ केली, आणि सुटे भाग विकण्याचा व जुळविण्याचा धंदा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर फोफावला. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे त्या रस्त्याचे अधिकृत नाव. पण बाजाराने ते कधी मनावर घेतले नाही. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ पासून अटल सेतू खुला झाला. त्यामुळे अलिबागकराला हा बाजार आता एका दिवसाच्या जाण्या-येण्यात आला आहे. 'शेठ, ह्यात सगळे गेम चालतील ना?' असे वडील विचारतात. 'सगळे चालेल काका' असे उत्तर मिळते. ह्या दोन वाक्यांत व्यवहार पुरा होतो.

खरी मेख ह्या 'चालेल'मध्ये आहे. भाग एकमेकांत बसणे आणि भाग एकमेकांना मानवणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. किनाऱ्यावरच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. होडीला इंजिन बसविताना कोळी केवळ अश्वशक्ती पाहत नाही. होडीचा बांधा, दांडा आणि पाण्याखालचा पंखा ह्यांचा मेळ तो पाहतो. मोठे इंजिन आणि बेताचा पंखा ह्यांनी होडी वेगाने जात नाही. केवळ डिझेल अधिक जळते. संगणकाचेही तसेच आहे.

पहिला मेळ प्रोसेसर आणि मदरबोर्ड ह्यांचा. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ती खाच दोन्हींची एकच असावी लागते. एएमडीच्या जुन्या पण अजून स्वस्तात मिळणाऱ्या मालाची खाच एएम ४. २०२२ पासून आलेल्या मालाची एएम ५. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीसाठी एलजीए १७०० ही खाच आहे. इथवर बहुतेक मुलांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे की खाच जुळूनही यंत्र सुरू होईलच असे नाही. बी ४५० जातीचा बोर्ड २०१८ सालचा. रायझन ५००० ही मालिका २०२० च्या अखेरीस आली. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसतो, पंखे फिरतात, आणि पडदा मात्र काळाच राहतो. कारण बोर्डातील मूळ आज्ञावली, जिला बायोस म्हणतात, तिला हा नवा पाहुणा माहीत नसतो. ती अद्ययावत करावी लागते, आणि कित्येक बोर्डांवर त्यासाठी आधी एखादा जुना प्रोसेसर बसवावा लागतो. मुंबईत हे काम दहा मिनिटांचे आहे. दिवेआगरात बसून ते पुन्हा एका मुंबईवारीचे होते.

दुसरी फसगत नावाच्या शेवटच्या अक्षरात दडलेली असते. इंटेलच्या आय ३-१२१००एफ ह्या प्रोसेसरमधील 'एफ'चा अर्थ त्यात चित्र उमटविण्याची स्वतःची सोय नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही ती नाही. ५६००जी मध्ये आहे. 'आता प्रोसेसर घेऊ, ग्राफिक्स कार्ड दिवाळीला पाहू' असा शहाणपणाचा बेत करणाऱ्या घराने ५६०० घेतला तर दिवाळीपर्यंत ते यंत्र मुकेच राहील. ५६००जी घेतला तर साधे खेळ लगेच चालतात. मात्र त्यातील चित्रयंत्रणा मुख्य स्मृतीवरच, म्हणजे रॅमवरच गुजराण करते, त्यामुळे सोळा जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी आठ-आठच्या दोन पट्ट्या घेतल्या की तेवढ्यानेच खेळांचा वेग स्पष्टपणे वाढतो. रॅमच्या बाबतीतही डीडीआर ४ आणि डीडीआर ५ ह्या दोन्ही पट्ट्यांना २८८ च टाचण्या असतात, लांबीही तीच. पण मधली खाच निराळ्या जागी असते आणि एक दुसरीच्या जागी बसत नाही. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून घाईत येथे चूक हमखास होते.

तिसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे, कारण तेथे यंत्र चालते, फक्त पैसे वाया जातात. आरएक्स ६५०० एक्सटी हे जानेवारी २०२२ मध्ये आलेले ग्राफिक्स कार्ड स्वस्त म्हणून अनेकांच्या यादीत शिरले. मदरबोर्डाशी बोलण्यासाठी त्याला चारच मार्गिका दिलेल्या आहेत. नव्या पीसीआय ४.० बोर्डावर त्या निभावून नेतात. बी ४५० किंवा ए ५२० सारख्या ३.० बोर्डावर त्यांची वाहतूक निम्मी होते आणि ज्या खेळांना कार्डावरील चार जीबी स्मृती अपुरी पडते तेथे चित्र अडखळू लागते. म्हणजे स्वस्त संगणकासाठी म्हणून बनविलेले कार्ड स्वस्त बोर्डावरच सर्वांत मंद! आरएक्स ६६०० ला आठ मार्गिका आणि आठ जीबी आहेत. थोडे थांबून ते घेणे पुष्कळदा हिताचे ठरते. इंटेलच्या आर्क कार्डांचेही असेच आहे. बोर्डात रिसायझेबल बार ही सोय नसेल तर त्यांची ताकद बरीचशी वाया जाते, आणि जुन्या बोर्डांत ती बहुधा नसते.

हे सर्व झाले तरी ज्या एका वस्तूवर बाकीच्यांचा जीव अवलंबून असतो, तिच्यावर यादीत सर्वांत कमी पैसे लावलेले आढळतात. ती वस्तू म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बाजाराच्या भाषेत एसएमपीएस. काचेची बाजू असलेली, रंगीत दिवे लुकलुकणारी कॅबिनेट घेतली जाते आणि तीबरोबर 'आलेला' एसएमपीएस तसाच ठेवला जातो. त्याच्या अंगावर ५०० वॅट असे ठळक छापलेले असते. वस्तुतः पाहावयाचा असतो तो खालचा बारीक तक्ता. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ह्या दोन्ही खादाड भागांना वीज १२ व्होल्टच्या वाटेने मिळते. त्या रकान्यात १८ अँपिअर लिहिले असेल तर हिशेब २१६ वॅटचा होतो, मग वर ५०० लिहिले असो की ६००. आरएक्स ६६०० सारखे कार्ड १३२ वॅट घेते, रायझन ५ ५६०० पूर्ण ताणावर नव्वदीच्या घरात जातो; बोर्ड, पंखे, साठवण ह्यांचे पन्नासेक वॅट धरले की बेरीज पावणेतीनशे होते, क्षणिक उसळी वेगळीच. चांगल्या नावाचा साडेचारशे ते साडेपाचशे वॅटचा एसएमपीएस ह्याला पुरतो. ८० प्लस हे प्रमाणपत्र तो विजेची नासाडी किती करतो एवढेच सांगते. अतिदाबापासून संरक्षण आहे किंवा नाही हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. भिकार एसएमपीएस मरताना एकटा मरत नाही, पुष्कळदा बोर्ड आणि कार्ड ह्यांनाही बरोबर नेतो.

काटकसरीचा आणखी एक मार्ग सुचविला जातो, तो कार्यालयांतून निघालेल्या जुन्या संगणकांचा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या यंत्रांना विंडोज ११ स्वीकारत नाही. त्यामुळे अशी यंत्रे कवडीमोलाने विक्रीस येत आहेत. ह्या यंत्रांत एक ग्राफिक्स कार्ड खुपसले की काम झाले, असे सांगितले जाते. परंतु कार्यालयीन यंत्रांत एटीएक्सचे माप अनेकदा पाळलेले नसते. वीजजोडणीच्या टाचण्या कंपनीच्या स्वतःच्या, डबा जेमतेम दोन-अडीचशे वॅटचा, आणि पेटी इतकी अरुंद की अर्ध्या उंचीचेच कार्ड बसते. ज्या कार्डाला खाचेतून मिळणारे ७५ वॅट पुरतात, उदाहरणार्थ सहा जीबीचे आरटीएक्स ३०५०, आणि तेही अर्ध्या उंचीच्या बांधणीचे, एवढेच त्यात निभते. हे जाणून घेतले तर सौदा वाईट नाही. न जाणता घेतला तर वर्षभरात दुसऱ्या संगणकाचा खर्च अटळ आहे.

येथपर्यंत जे सांगितले ते नागपूरच्या किंवा सांगलीच्या खरेदीदारालाही लागू पडेल. रायगडच्या किनाऱ्याचा प्रश्न ह्यापुढे सुरू होतो. यंत्र आणि त्याची जागा ह्यांचाही मेळ असतो, हे अलिबागला तरी कोणी नव्याने शिकवावे लागू नये. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला आणली गेली आणि तिची इमारत चुंबकत्व नसलेले दगड निवडून बांधली गेली. सूक्ष्म उपकरणाला भोवतालची हवा मानवते की नाही, हा विचार ह्याच गावात सव्वाशे वर्षांपूर्वी झाला. आज तेथील मुलगा संगणकाचे भाग निवडतो तेव्हा यादीत खोलीला, भिंतीला आणि विजेच्या तारेला जागा नसते.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की हे मीठ स्वतःच पाणी धरू लागते, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर ती दिवसेंदिवस त्याहून वर असते. बोर्डावर बसलेल्या धुळीचा थर त्यामुळे ओलसर, वीजवाहक आणि क्षारयुक्त होतो. रॅमच्या टाचण्या, कार्डाची खाच, साध्या पत्र्याची कॅबिनेट हळूहळू काळवंडतात, गंजतात. ह्यावर महागडे उपाय नाहीत, सोपे आहेत. पेटी समुद्राकडील खिडकीखाली ठेवू नये. सहा पंख्यांची जाळीदार पेटी घेण्याऐवजी धूळगाळणी असलेली दोन-तीन पंख्यांची घ्यावी. आणि यंत्र पावसाळाभर झाकून न ठेवता रोज थोडा वेळ चालवावे, कारण चालणारे यंत्र उबेने कोरडे राहते. परीक्षेच्या काळात शिक्षा म्हणून महिनाभर संगणकावर प्लास्टिक घालणाऱ्या पालकांनी एवढे जरूर ध्यानात घ्यावे.

विजेचे दुखणे ह्याहून मोठे आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ ह्याच किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागांतील खांब आणि तारा भुईसपाट झाल्या, आणि कित्येक गावांना वीज परत मिळण्यास आठवडे लागले. असे वादळ रोज येत नाही. परंतु मे अखेरीच्या गडगडाटात वीज जाणे, येताना उसळी मारून येणे, आणि ओळीच्या टोकावरील घराला संध्याकाळी दाब कमी मिळणे हे नित्याचे आहे. निकाल मे महिन्यात लागतात, खरेदी त्यानंतर होते. म्हणजे नवा संगणक नेमका वर्षातील सर्वांत वाईट विजेवर आपले आयुष्य सुरू करतो.

ह्यावर यूपीएस घ्यावा असे सर्वच सांगतात. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात बहुधा ३६० वॅटच देतो. संगणक, पडदा आणि उसळी मिळून तो अपुरा पडू शकतो. दुसरे असे की स्वस्त यूपीएस बॅटरीवर जाताच पायऱ्यांची लहर देतात, आणि अॅक्टिव्ह पीएफसी असलेले काही चांगले एसएमपीएस ती लहर न मानवल्याने त्याच क्षणी बंद पडतात. म्हणजे चांगला एसएमपीएस आणि स्वस्त यूपीएस हा संसार जमेलच असे नाही. दुकानात दोन्ही एकत्र जोडून, खटका ओढून पाहावे. अर्थिंगचे तर नावच निघत नाही. जुन्या घरांत तिसरी तार अनेकदा भिंतीतच संपलेली असते. संगणकाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, ह्याचा अर्थ अर्थिंग पोहोचत नाही असा समजावा. मग उसळी अडविणारी पट्टी कितीही महाग घेतली तरी तिचे निम्मे काम होतच नाही. परवानाधारक वीजतंत्र्याकडून अर्थिंग नीट करून घेण्याचा खर्च हा संगणकाच्याच खर्चाचा भाग मानला पाहिजे, आणि तो ग्राफिक्स कार्डाच्या आधी केला पाहिजे. मुलाला हा सल्ला रुचणार नाही. त्याला त्याऐवजी एक पायरी वरचे कार्ड हवे असेल, आणि पडद्यावर दिसते ते कार्डच, अर्थिंग दिसत नाही, हे त्याचे म्हणणे खरेही आहे.

दुकानदारांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. ह्या धंद्यात नफा तुटपुंजा आहे आणि भाव दर आठवड्याला हलतात. परंतु भाग एकमेकांना मानवतात की नाही ही जबाबदारी आज कोणाचीच नाही, ही स्थिती समर्थनीय नाही. प्रत्येक भागाची हमी त्याच्या त्याच्या कंपनीची. जुळणीची हमी कोणीच देत नाही. बोर्डवाला रॅमकडे बोट दाखवितो, रॅमवाला एसएमपीएसकडे, आणि खरेदीदार बोटीत पेटी घेऊन बसतो. जो दुकानदार यादी जुळवून देण्याचे पैसे घेतो त्याने बिलावर प्रत्येक भागाचे पूर्ण नाव व क्रमांक लिहावा आणि 'हे भाग परस्परांशी जुळणारे म्हणून विकले' एवढी एक ओळ खाली घालावी, हा आग्रह ग्राहकाने धरला पाहिजे. बिल न देणे हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारप्रथेचाच प्रकार आहे. त्याच कायद्याने ग्राहकाला, वस्तू मुंबईत घेतली असली तरी, स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली. रायगडचा जिल्हा आयोग अलिबागलाच आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही. ही तरतूद ठाऊक असलेला ग्राहक दुकानात वेगळ्या स्वरात बोलतो. बिलाविना हजार-दोन हजार वाचविणाऱ्याला मात्र तिचा उपयोग नाही.

लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था ह्यांनीही येथे काही करण्यासारखे आहे. निकालानंतरच्या पंधरवड्यात एखाद्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांनी खरेदीपूर्व याद्या तपासून द्याव्यात, भागांची आणि घरच्या विजेची दोन्हींची विचारपूस करावी. ह्याला अनुदान लागत नाही, इमारत लागत नाही. आणि त्या विद्यार्थ्यांनाही पुस्तकाबाहेरचे चार धडे मिळतील.

यंदा खरेदी करणाऱ्यांपुढे एक नवीच अडचण आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणककेंद्रांनी स्मृतीचा माल उचलल्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले, आणि मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये आपली क्रुशल ही सामान्य ग्राहकांसाठीची नाममुद्रा बंद करण्याचे जाहीर केले. अशा वेळी यादीतील बेरीज फुगते आणि कात्री एसएमपीएसवर चालते. ती तेथे चालवू नये. डीडीआर ४ चा एएम ४ बोर्ड, ५६००जी, रॅमच्या दोन लहान पट्ट्या, चांगला एसएमपीएस आणि घरचे अर्थिंग एवढ्यावर आता थांबावे. ग्राफिक्स कार्डाची खाच दिवाळीपर्यंत रिकामी राहिली तरी चालेल.